कात्रजचे पाणी आणि ‘मुक्त’च्या पदवीची हेटाळणी
#थ्रेड

१/ सुमारे १७५० मध्ये नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पुण्याच्या हौदांत पाणी आणले. या बांधकामाचे कौतुक आजही होते आणि ते रास्तच आहे. परंतु हौद भरला म्हणजे शहराची तहान भागली, असे झाले नाही. कोणी पाणी भरावे, हे जात ठरवीत होती. म्हणूनच १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला.

२/ विद्येच्या हौदाचीही हीच कथा. दिवसभर राबणाऱ्यास दिवसाची शाळा बंदच असते, हे ओळखून फुले दांपत्याने १८५५ मध्ये शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा काढली.

३/ त्यानंतर १३४ वर्षांनी हाच प्रश्न एका प्राध्यापकाने विद्यापीठाच्या पातळीवर हाती घेतला. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राम ताकवले १९७८ ते १९८४ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. प्रतिष्ठेचे ते पद भूषवल्यावर १९८९ मध्ये ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.

४/ या विद्यापीठाने प्रवेशाची अटच बदलली. दहावी-बारावी न झालेल्या प्रौढांनाही पूर्वतयारी अभ्यासक्रमातून पदवीकडे जाण्याची वाट मिळाली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद असे प्रत्यक्षात आले.

५/ तरीही ‘मुक्तमधून केलंय’ म्हणताना अनेकांच्या नाकाला सुरकुत्या पडतात. दर्जा घसरतो, हा त्यांचा आक्षेप. पण दर्जा परीक्षेत तपासायचा असतो, दारात नव्हे. पंधराव्या वर्षी लग्नाने किंवा दुष्काळाने शाळा सुटली, हा बुद्धीचा दोष कसा ठरतो?

६/ एखाद्या अभ्यासकेंद्रात तास होत नसतील, मार्गदर्शकांवरच भागत असेल, तर टीका जरूर करावी. मात्र त्यावर उपाय अधिक शिक्षक नेमणे हा आहे. दार पुन्हा लावून घेणे हा नव्हे.

७/ आजच्या कात्रजमध्ये पहाटेची पाळी धरणारा बसवाहक आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांना पदवी हवी असेल, तर तासांची वेळ त्यांच्या पाळीकडे पाहून ठरली पाहिजे आणि शुल्क त्यांच्या मजुरीकडे पाहून. ही दया नव्हे. त्यांच्याही करातून विद्यापीठे चालतात. हा त्यांचा हक्क आहे.