निर्गीताचा तंटा

घराघरांतून अलीकडे एक वाद वारंवार ऐकूं येतो. नातवंडें ज्याला गाणें म्हणतात त्याला आजोबा गाणें म्हणावयास तयार नसतात. आजोबांचा मुख्य आक्षेप एकच असतो : शब्द कळत नाहींत. गाणाऱ्याचा गळा वाद्यांच्या गलबल्यांत बुडालेला, पद कोठें सुरू झालें व कोठें संपलें याचा थांग नाहीं. मग हें गायन कसलें? ज्याचा अन्वय लागत नाहीं तें वाक्यच नव्हे, असें मुलांना जन्मभर बजावीत आलेल्या प्रस्तुत लेखकासारख्या मास्तरास हा आक्षेप मनापासून पटतो. परंतु आक्षेप पटणें निराळें आणि तो सिद्ध होणें निराळें. तेव्हां या महिन्यांत एकच परदेशी गीतसंग्रह समोर ठेवून त्याची परीक्षा करावी असें योजिलें आहे.

संग्रहाचें नांव 'मेझॅनीन'. इंग्लंडच्या पश्चिमेस ब्रिस्टल नांवाचें जुनें बंदर आहे. तेथील 'मॅसिव्ह अटॅक' या मंडळीनें हा संग्रह १९९८ च्या एप्रिल महिन्यांत प्रसिद्ध केला व तो त्या देशांत विक्रीच्या यादींत अग्रस्थानीं पोंचला. गीतें ११, अवधि तासाहून किंचित् अधिक. मेझॅनीन म्हणजे दोन मजल्यांच्या मधें काढलेला अर्धा मजला; आपल्या वाड्यांतील पोटमाळ्याचा दूरचा सोयरा म्हणावा. नांव सार्थ आहे, कारण या संगीतास एका मजल्यावर स्वस्थ बसवत नाहीं. त्यांत तीन प्रवाह येऊन मिळाले आहेत.

पहिला व मुख्य प्रवाह 'ट्रिप-हॉप' या नांवानें ओळखला जातो. जमैका व आसपासच्या बेटांतून इंग्लंडांत येऊन राहिलेल्या लोकांनीं आपल्याबरोबर रेगे आणि 'डब' हे संगीतप्रकार आणले. डब म्हणजे तयार गीतांतून गळा बराचसा काढून टाकावयाचा, ढोल आणि खर्जाची गिटार तेवढी राखावयाची, आणि उरलेल्या सुरांना प्रतिध्वनीच्या खोल विहिरींत सोडून द्यावयाचें. ब्रिस्टलच्या तरुणांनीं त्यास अमेरिकेंतील हिप-हॉपच्या ठेक्याची जोड दिली आणि लय विलंबित केली. दुसरा प्रवाह 'अँबियंट'. ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकारानें १९७८ मध्यें विमानतळाकरितां म्हणून एक संग्रह रचिला व त्यास हें नांव दिलें. उदबत्तीच्या वासाप्रमाणें खोलींत भरून राहणारें असें हें संगीत. लक्ष दिलें तर गोड, न दिलें तरी त्याचा राग नाहीं. तिसरा प्रवाह 'शूगेझ', म्हणजे अक्षरशः जोड्यांकडे टक लावून पाहणें! गिटारीचा नाद बदलणारीं यंत्रें वादकाच्या पायांशीं असतात. तीं दाबण्याकरितां हीं मुलें सारखीं खालीं पाहत, म्हणून १९९० च्या सुमारास इंग्रज पत्रकारांनीं त्यांची अशी थट्टा केली. यांत गिटारींचे थरावर थर चढतात आणि गळा त्यांच्या खालीं कोठें तरी तेवत राहतो. या प्रकाराचे पूर्वसूरि म्हणून स्कॉटलंडच्या 'कॉक्टो ट्विन्स' या मंडळीचें नांव घेतात. तिची गायिका एलिझाबेथ फ्रेझर हिनेंच 'मेझॅनीन'मधील तीन गीतें गायिलीं आहेत.

आतां प्रत्यक्ष संग्रहाकडे वळूं. पहिलें गीत 'एंजल'. त्याच्या आरंभीं ऐकूं येतो तो केवळ खर्ज, आणि तो कानाच्या आधीं छातीला लागतो. तंबोरे जुळल्यावर गवई घटकाभर नुसता बसून राहतो, त्या वेळच्या भारलेल्या शांततेशीं ज्याची ओळख आहे त्याला हा आरंभ परका वाटूं नये. मग जमैकाचे वयोवृद्ध गायक हॉरेस अँडी आपल्याच एका जुन्या गीताच्या आधारानें, उंच व कांपऱ्या आवाजांत, मोजके शब्द म्हणतात. त्यामागून गिटारींची लाट अशी चढत येते कीं शब्द होते याचीहि आठवण राहत नाहीं. याच गायकांचें दुसरें गीत 'मॅन नेक्स्ट डोअर' हें मूळ जमैकाच्या जॉन होल्ट यांचें. त्याचा विषय काय, तर शेजारच्या बिऱ्हाडांत रात्रीबेरात्रीं चालणारी आदळआपट आणि तिला कंटाळून जागा सोडण्याचा बेत! चाळींत आयुष्य काढलेल्या वाचकांस याचें विवरण नको. गोंगाटाविरुद्धची फिर्याद याच संग्रहांत दाखल झाली आहे, ही गोष्ट आजोबांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी.

परंतु आपला वाद शब्दांचा आहे, आणि त्याचें मर्म फ्रेझरबाईंच्या गायनांत सांपडतें. कॉक्टो ट्विन्समध्यें असतांना त्या अर्थ ठाऊक नसलेले परभाषांतील शब्द केवळ नादाकरितां निवडीत, कांहीं तर स्वतःच घडवीत. 'मेझॅनीन'मधील त्यांचें 'टियरड्रॉप', म्हणजे अश्रुबिंदु, हें गीत सर्वांत प्रसिद्ध आहे. त्याचा ठेका हृदयाच्या ठोक्यासारखा असून त्यावर हार्पसिकॉर्ड या जुन्या तंतुवाद्याची एक लहानशी लकेर फिरत राहते. या गीताचें काम चालू असतांनाच, १९९७ च्या मे महिन्यांत, त्यांचे एके काळचे निकटचे स्नेही, अमेरिकन गायक जेफ बकली, हे मेंफिस येथें नदींत बुडून मरण पावले. गीत कांहीं अंशीं त्यांच्याविषयींच आहे, असें बाईंनीं पुढें सांगितलें. विशेष हा कीं गीताचे शब्द कागदावर उतरून वाचले तर ही गोष्ट कोणासहि कळणार नाहीं. गळा ऐकला म्हणजे मात्र कांहीं तरी हरपलें आहे हें लहान मुलालाहि समजतें.

अर्थावांचून गीत, ही कल्पना आपणांस नवी नाहीं. सामगायनांत ऋचेच्या शब्दांमध्यें 'हाउ', 'औहोवा' अशीं स्तोभाक्षरें घालतात. त्यांचा कोशांत अर्थ शोधूं गेल्यास हात हलवीत परत यावें लागेल. तराण्यांतील 'तोम् तनन'चा अन्वय लावण्याच्या भरीस कोणी पडत नाहीं. भरतांच्या नाट्यशास्त्रांत पूर्वरंगाच्या अध्यायांत तर या वादाची कथाच आली आहे. देव व दानव यांच्या सभेंत नारदादिकांनीं 'निर्गीत', म्हणजे सार्थ शब्द नसलेलें, 'झण्टुम्' असल्या अक्षरांवर चालणारें गीत सादर केलें. दैत्य व राक्षस प्रसन्न झाले. आम्हांला हेंच हवें म्हणाले. देवांना तें सहन झालें नाहीं. हा प्रकार बंद करा, अशी त्यांनीं नारदांकडे तक्रार केली. नारदांनीं काय केलें? निर्गीत बंद केलें नाहीं. त्याला वाद्यांचा शास्त्रशुद्ध आधार आहे, तें नष्ट होतां कामा नये, असें सांगून देवांच्या मानाकरितां त्याला 'बहिर्गीत' असें दुसरें नांव दिलें. तें नाटकाच्या आरंभीं, पडद्याच्या आड, व्हावें असेंहि शास्त्रानें ठरविलें. पडद्याआडून येणारा, अर्थाचा आग्रह न धरणारा आवाज! ब्रिस्टलच्या मंडळीस भरताचार्य ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण युक्ति ओळखीची आहे. आपल्या घरांत देव कोण आणि दैत्य कोण, हें ठरविण्याच्या फंदांत प्रस्तुत लेखक पडत नाहीं.

तात्पर्य, शब्द कळत नाहींत म्हणून तें गाणें नव्हे, हा पक्ष आपल्याच शास्त्रापुढें टिकत नाहीं. आक्षेप घ्यावयाचा तर रसावर घ्यावा, आणि तेथें आजोबांची बाजू दुबळी नाहीं. 'मेझॅनीन'भर शंका, चिंता, ग्लानि आणि त्रास या संचारी भावांचाच वावर आहे. देवापाशीं दिवा लावण्याच्या वेळीं लावण्याजोगें हें संगीत नव्हे. त्याचें एक कारण मंडळीच्या घरांतच होतें. रॉबर्ट डेल नाया, ग्रँट मार्शल व अँड्र्यू व्हाउल्स हे तिघे मूळचे सोबती. या संग्रहांत गिटारींना एवढी जागा द्यावी कीं काय, यावरच त्यांच्यांत बेबनाव झाला. बरेंचसें काम एकमेकांस टाळून, वेगवेगळ्या वेळीं झालें, आणि १९९९ मध्यें व्हाउल्स मंडळी सोडून गेले. एका छपराखालीं राहून एकमेकांशीं न बोलणाऱ्या भावांचें घर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या संगीतांतील कोंडलेली हवा लगेच ओळखूं येईल. नातवाला हें आवडतें तें दुर्गुण म्हणून नव्हे. त्याच्याहि मनांत कांहीं शंका, कांहीं चिंता असतील, आणि त्या शब्दांत सांगण्याजोगें माणूस त्याला घरांत सांपडत नसेल, याचा विचार वडील मंडळींनीं जरूर करावा.

म्हणून सूचना इतकीच कीं नारदांप्रमाणें निवाडा करावा. या संगीताला घरांत त्याची वेळ व त्याची जागा नेमून द्यावी, आणि एखाद्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर वडिलांनीं तें नातवाशेजारीं बसून, मधें न बोलतां, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदां ऐकावें. त्यानंतर वाद घालावयाचाच असेल तर हरकत नाहीं. निदान दोघांनींहि तेंच गाणें ऐकलेलें असेल.