बागुलबुवाला किती दिवस भ्यायचे?



पोर झोपेना की आई म्हणते, बागुलबुवा आला! पोर गपकन डोळे मिटते. राजकारणातली काही मंडळी आपल्यालाही तसलेच पोर समजतात.

१९५५ साली मराठी माणसाने मुंबईसह आपले राज्य मागितले, तेव्हा काय काय ऐकवले गेले! मुंबई महाराष्ट्रात गेली की भांडवल पळेल, व्यापार बुडेल, परभाषिकांना इथे राहणे मुश्किल होईल. या भीतीच्या जोरावर मुंबई वेगळी काढण्याचा घाट घातला गेला. गोळीबारांत शंभरावर माणसे मेली. आपल्या चाळींतली पोरे त्यांत होती.

१ मे १९६० ला राज्य झाले. आकाश कोसळले काय? गिरण्यांचे भोंगे वाजतच राहिले, कापडबाजार भरतच राहिला. ज्यांनी भीती घातली, त्यांनी चुकलो म्हणून एक शब्द काढला नाही. गिरण्या बसल्या त्या १९८२ च्या संपानंतर. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. जुनी यंत्रे, बाहेरचे पॉवरलूम आणि सोन्याच्या मोलाला चढलेली जमीन, ही त्याची कारणे. मराठी भाषेने एकही गिरणी बंद पाडली नाही.

हे झाले त्यांचे. आता आमचे. कडू लागेल, पण बोलतो.

'मुंबई तोडण्याचा डाव!' ही आरोळी आमच्याही व्यासपीठांवरून निवडणूक आली की उठते. टाळ्या पडतात. १९६० नंतर मुंबई कुणी तोडली नाही. पण जमिनीचे काय झाले? १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक पालिकेच्या मैदानांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. खात्यांनी आणि गोदामांनी भरलेल्या गिरणीत मोकळी जमीन ती किती असणार? आमचा वाटा आटला. २००६ साली सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम केला. मुंबई नकाशावर शाबूत राहिली, जमीन आमच्या पायाखालून गेली!

साचा कितीही खडखडो, साचेवाल्याची नजर तुटलेल्या धाग्यावर असते. सभेत आपण ती नजर का विसरतो?

या आरोळ्यांनी आणखी एक नुकसान होते. कोकणातला, घाटावरचा, उत्तरेचा आणि मदनपुऱ्याचा मोमीन एकाच पाळीत राबले. त्यांना एकमेकांची भीती घातली की पगाराचे आणि खोलीचे कोण विचारणार?

आमची मागणी न्यायाची होती आणि आहे. बेळगावचा प्रश्न २००४ साली सुप्रीम कोर्टात गेला, तो पुराव्यांवर. न्यायाची मागणी फुगवावी लागत नाही. १९४८ साली डॉ. आंबेडकरांनी दार कमिशनपुढे मुंबईवरचे आक्षेप एकेक घेऊन खोडले. त्यासाठी त्यांना कुणाला बागुलबुवा दाखवावा लागला नाही.

म्हणून सभेला जरूर या. घोषणा द्या. पण वक्ता घाबरवू लागला की तीन सवाल टाका: नेमके काय होणार? कशावरून? आणि आम्ही भ्यालो तर फायदा कुणाचा?

वक्ता आमचा असला तरी टाका. आमचा असला तर आधी टाका!