कॅल्शियम म्हणजे केवळ हाडे नव्हेत

कॅल्शियम म्हटले की दूध, नाचणी आणि गुडघेदुखीवरची गोळी आठवते. शाळेच्या पुस्तकापासून जाहिरातींपर्यंत सगळीकडे हाडांचेच कौतुक. रक्तातले कॅल्शियम पेशींना हुकूमही देते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते घरोघरी कळायला हवे. कारण या अज्ञानापायी काहींच्या गळ्यावर विनाकारण सुरी चालते.

१९९३ मध्ये बोस्टनच्या एडवर्ड ब्राउन आणि स्टीव्हन हेबर्ट यांच्या चमूने गाईच्या गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींतून कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर शोधून काढला. पेशीच्या आवरणात बसलेले हे प्रथिन बाहेरच्या कॅल्शियमवर सतत पाळत ठेवते. कॅल्शियम वाढले की रक्तातले कॅल्शियम वाढवणाऱ्या पॅराथायरॉइड हार्मोनचा स्राव घटतो, उतरले की वाढतो.

पिट्युटरीच्या पेशींनी मात्र वेगळेच चित्र दाखवले. मेंदूच्या तळाशी असलेली ही वाटाण्याएवढी ग्रंथी एसीटीएच हे हार्मोन सोडते आणि त्याच्या इशाऱ्यावर अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करते. उंदराच्या पिट्युटरी गाठीपासून वाढवलेल्या पेशींवर येल विद्यापीठात झालेले संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. भोवतालचे कॅल्शियम वाढवले, तर या पेशींतून एसीटीएच कमी नव्हे, जास्त बाहेर पडले! रिसेप्टर तोच, पण आतल्या बाजूने तो संदेश पुढे नेणाऱ्या जी-एस प्रथिनाशी जोडला गेला, सायक्लिक एएमपी हा पेशीतला संदेशवाहक वाढला आणि स्रावाला जोर आला. पॅराथायरॉइडमध्ये त्याची जोडी वेगळ्या जी-प्रथिनांशी जमते, म्हणून तिथे स्राव रोखला जातो. स्तनाच्या निरोगी पेशींच्या तुलनेत कर्करोगी पेशींतही असाच उलटा खेळ आढळला आहे.

प्रयोगशाळेतल्या उंदराच्या पेशींवरून माणसाच्या पिट्युटरीबद्दल छातीठोक विधान करणे चूक ठरेल. पण या रिसेप्टरची संवेदनशीलता वाढवणारे सिनाकॅल्सेट २००४ पासून वापरात आहे. अशा औषधांचा परिणाम तपासताना पॅराथायरॉइडपाशीच थांबणे बरोबर नाही. प्रत्येक अवयवात हा रिसेप्टर काय करतो, ते स्वतंत्रपणे पाहिलेच पाहिजे.

रुग्णाच्या दृष्टीने आजच महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. काही कुटुंबांत या रिसेप्टरच्या जनुकात जन्मतःच दोष असतो. पेशींना कॅल्शियम आहे त्यापेक्षा कमी भासते, मूत्रपिंडे ते धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी आयुष्यभर थोडी चढी राहते. बहुतेकांना त्याचा काडीचाही त्रास होत नाही. पण रिपोर्ट पाहिला तर पॅराथायरॉइडच्या गाठीचाच वाटतो. ग्रंथी काढली, तरी कॅल्शियम चढेच राहते.

ही विनाकारण शस्त्रक्रिया टाळायला २४ तासांच्या लघवीतले कॅल्शियम आणि क्रिएटिनिन रक्तातल्या पातळीशी ताडून पाहावे लागते. शंका उरली तर जनुकीय तपासणी आहे. घरात आणखी कुणाचे कॅल्शियम चढे आहे का, हे विचारायला तर पैसाही लागत नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी हा प्रश्न डॉक्टरांनी विचारावा आणि त्यांनी विचारला नाही, तर नातेवाइकांनी स्वतःहून ती माहिती द्यावी.