सेंद्रिय प्रमाणपत्र गटाच्या नावावर येतेय, बिलही गटाच्याच नावावर येणार

सोयाबीनची काढणी उरकल्यावर जुन्नर भागातील एका सेंद्रिय गटाचे अध्यक्ष आणि सचिव पुण्यात कार्यालयात आले होते. हातात नूतनीकरणाचे कोटेशन होते. "साहेब, चार वर्षं आम्ही सेंद्रिय करतोय, पण हे बिल पहिल्यांदाच पाहतोय," असे अध्यक्ष म्हणाले. खरेच होते ते. आजवर प्रमाणपत्राचा खर्च माल घेणारी कंपनी भरत होती. प्रमाणपत्र कंपनीच्या नावावर आणि शेतकऱ्यांची नावे त्याच्या यादीत, असा तो मामला होता. दुसऱ्या व्यापाऱ्याने किलोला चार रुपये जास्त देऊ केले, तेव्हा माल सेंद्रिय म्हणून विकताच येईना. कारण कागद आपला नव्हता.

हे चित्र आता बदलायला लागले आहे. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची, म्हणजे एनपीओपीची, आठवी आवृत्ती ९ जानेवारी २०२५ रोजी जाहीर झाली. तिच्यात उत्पादक गटाला स्वतःचा कायदेशीर दर्जा देण्यात आला आहे. व्यवहारात सांगायचे तर शेतकरी उत्पादक कंपनी किंवा सहकारी संस्था नोंदवून प्रमाणपत्र गटाने स्वतःच्या नावावर घ्यायचे. बदल चांगला आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण कंपनी कागद ताब्यात ठेवत होती तशीच खर्चही उचलत होती, आणि तो खर्च किती हे बहुतेक गटांना माहीत नाही.

फी हा त्यातला छोटा भाग

कोटेशनवर दिसते ती प्रमाणीकरण संस्थेची तपासणी फी. तिच्यावर घासाघीस होते, पण मोठा खर्च गटाच्या आत असतो. अंतर्गत नियंत्रणात प्रत्येक सभासदाच्या शेताची वर्षातून किमान दोनदा तपासणी करावी लागते. १०० शेतकऱ्यांचा गट असेल तर २०० भेटी. वाड्यावस्त्यांवर विखुरलेल्या शेतांवर एक माणूस दिवसाला पाच भेटी करेल, म्हणजे ४० दिवस नुसते फिरण्यातच गेले. त्याशिवाय प्रत्येकाची नोंदवही, सातबारा, बियाण्याची पावती, शेजाऱ्याच्या फवारणीपासून सोडलेला पट्टा आणि ट्रेसनेटवरची नोंद. हे काम गावातला एखादा पोरगा हौसेने एक वर्ष करतो, दुसऱ्या वर्षी पगार मागतो. मागायलाच हवा.

मग उर्वरित अंशाच्या चाचण्या, आणि प्रत्येक विक्रीमागे लागणारे ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट. माल दहा ठिकाणी थोडाथोडा विकला तर हा कागद दहा वेळा काढावा लागतो.

त्या दिवशी आम्ही तिघांनी मांडलेला हिशेब देतो. आकडे समजण्यापुरते आहेत, त्या जागी तुमच्या कोटेशनचे आकडे घाला. तपासणी फी १,५०,०००, चाचण्या ६०,०००, क्षेत्र तपासनीस महिना १५,००० प्रमाणे १,८०,०००, संस्थेचे लेखापरीक्षण व नोंदणीची कामे ४०,०००, प्रवास आणि छपाई ३०,०००. एकूण ४,६०,००० रुपये. गटाचे १०० टन सोयाबीन सेंद्रिय म्हणून विकले गेले तर किलोमागे खर्च ४ रुपये ६० पैसे. पण ३० टनच सेंद्रिय म्हणून विकले आणि बाकीचे बाजार समितीत नेहमीच्या भावाने गेले, तर तोच खर्च १५ रुपये ३३ पैसे होतो. सेंद्रिय म्हणून किलोला ८ रुपये जादा मिळत असतील तर साडेसत्तावन्न टनांच्या खाली गट तोट्यात. सचिवांनी वहीत ५७.५ च्या खाली दोन रेघा मारल्या. मागच्या वर्षी त्यांचा सेंद्रिय म्हणून गेलेला माल होता ४१ टन.

बाजार हलला तरी खर्च हलत नाही

अमेरिकेने भारतासोबतचा सेंद्रिय मान्यतेचा करार जानेवारी २०२१ मध्ये संपवला आणि जुलै २०२२ पर्यंत मुदत दिली. त्यानंतर तिकडे माल पाठवायचा तर त्यांच्या मानकांनुसार वेगळे प्रमाणपत्र, म्हणजे दुसरी फी. त्याच २०२२ मध्ये भारतीय सेंद्रिय सोयापेंडीवर अँटी-डम्पिंग शुल्कही लागले. युरोपनेही तिळातील इथिलीन ऑक्साईड प्रकरणानंतर काही भारतीय प्रमाणीकरण संस्थांची मान्यता काढली. यातल्या एकाही गोष्टीत जुन्नरच्या शेतकऱ्याची चूक नव्हती, पण प्रमाणपत्र टिकवण्याचा वर्षाचा खर्च चालूच राहिला.

अनुदानाचेही लक्षात घ्या. परंपरागत कृषी विकास योजनेत तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये आहेत, त्यातले प्रमाणीकरण आणि अंश तपासणीसाठी ३,०००. हंगामी पिकांचा रूपांतर काळ एनपीओपीत दोन वर्षांचा. म्हणजे पूर्ण सेंद्रिय म्हणून माल विकायला सुरुवात होते न होते तोच योजना संपत आलेली असते. चौथ्या वर्षी गट गळतात ते इथे. विस्तार कार्यकर्त्यांनी गट बांधतानाच चौथ्या वर्षाचे अंदाजपत्रक काढावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पुण्यातच विकणार असाल तर

मावळचा इंद्रायणी तांदूळ किंवा पुरंदरची भाजी पुण्यातल्या घरांत थेट जाणार असेल तर एनपीओपीचा खटाटोप बहुधा नको. पीजीएस-इंडियामध्ये किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांची शेते तपासतो. बाहेरच्या संस्थेची तपासणी फी नाही. देशांतर्गत विक्रीसाठी एफएसएसएआयच्या २०१७ च्या नियमांत एनपीओपी आणि पीजीएस या दोन्हींना मान्यता आहे. निर्यातीला मात्र पीजीएस चालत नाही. आणि फुकट म्हणून वेळ लागत नाही असे नाही. शेजाऱ्याच्या शेतात तणनाशकाचा डबा दिसला तर तो नोंदवायचे धैर्यही लागते. माझ्या पाहण्यातले दोन पीजीएस गट पैशावरून फुटले नाहीत, याच संकोचापायी फुटले.

जुन्नरच्या गटाने अजून निर्णय घेतलेला नाही. तूर्त त्यांनी दोन कामे केली. कंपनीकडे गेल्या चार वर्षांच्या तपासणी नोंदींच्या प्रती लेखी मागितल्या, कारण संस्था बदलताना रूपांतर काळ पूर्ण झाल्याचा तो पुरावा ठरतो. नूतनीकरणाची तारीख मात्र चुकवायची नाही, हे मी त्यांना बजावले आहे. खंड पडला तर मधला माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, आणि संस्था पुन्हा रूपांतर काळ लावू शकते. दुसरे, पुढच्या हंगामाचे किमान ६० टन कोण घेणार, कोणत्या भावाने, हे खरेदीदाराकडून कागदावर मागितले आहे. ते पत्र आले तरच कोटेशनवर सही होईल.