घाण कोणाची, ते गाळालाच विचारा

तापाच्या पेशंटला मलेरिया आहे की टायफॉईड, हे आपण रक्त तपासून ठरवतो. मुंबई बंदरातल्या गाळाचे निदान मात्र तपासणीआधीच ठरलेले असते : खाडी घाण झाली ती झोपडपट्टीमुळे. शिवडी, माहुल, ट्रॉम्बेच्या वस्त्यांत आरोग्य शिबिरे घेताना हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे, की आता आम्ही उलट विचारतो, तपासले कोणी?

तपासता येते. झाडाच्या पानावरील मेणात २७, २९, ३१ अशा विषम संख्येच्या कार्बन साखळ्या जास्त असतात. खनिज तेलात सम-विषम हा भेद जवळपास नसतो. म्हणजे तिवराचा पाला कुठला आणि तेल कुठले, हे वेगळे काढता येते. तेल सांडलेले की जळलेले, तेही कळते. कच्च्या तेलात फेनान्थ्रीन भरपूर, अँथ्रासीन नगण्य. अँथ्रासीनचा वाटा वाढला, तर लाकूड, कोळसा, डिझेल जळाल्याच्या काजळीकडे बोट जाते. (एकाच आकड्यावर निकाल देऊ नये, दोन-तीन ताडून पाहावेत. रक्ताच्या रिपोर्टचेही तसेच.)

७ ऑगस्ट २०१० रोजी एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजे बंदराजवळ धडकली, शेकडो टन तेल सांडले. तेव्हा दोषी डोळ्यांसमोर होता. रोज थोडे थोडे सांडणाऱ्याचा पंचनामा कोण करतो?

मैल्याचीही खूण असते, कोप्रोस्टॅनॉल. आपल्या आतड्यातील जिवाणू कोलेस्टेरॉलपासून ते बनवतात. गाळात ते सापडले तर मैला आहे, हे मान्य करावेच लागेल. आम्ही करतो. पण तो विसाव्या मजल्यावरच्या संडासातला की वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयातला, हे कोप्रोस्टॅनॉल सांगत नाही. त्यासाठी नाल्याच्या वरच्या टोकापासून खाडीपर्यंत ठिकठिकाणी नमुने घ्यावे लागतात.

आमच्यासाठी हा ताटातला प्रश्न आहे. ओहोटीला बायका चिखलात उतरून तिसऱ्या वेचतात. मासा यातली बरीच संयुगे यकृतात मोडून बाहेर टाकतो. शिंपलीला ते फारसे जमत नाही, तिच्यात ती साठतात. त्यांपैकी बेन्झो-ए-पायरीन जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. म्हणून काय सांगायचे, तिसऱ्या खाऊ नका? ज्या घरात त्या दिवशी दुसरे कालवण नाही, तिथे हे सांगायला आमची जीभ रेटत नाही.

बंदरातला गाळ उपसताना त्याचे नमुने स्रोत शोधण्यासाठी तपासावेत आणि अहवाल मराठीत वस्तीच्या फलकावर लावावा, या मागणीवर आम्ही पुढच्या शिबिरात सह्या घेणार आहोत. तोवर वाचक बंधू-भगिनींनी एक करावे. नाल्यावर तेलाचा तवंग दिसला की जागा, तारीख, वेळ आणि भरती होती की ओहोटी, एवढे वहीत लिहून ठेवावे. नमुना कुठून घ्यायचा, हे त्या वहीवरून ठरेल.