फराहबक्ष महालाला ताजमहालाची उसनी ओळख कशाला?

१/ नगरच्या फराहबक्ष महालाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर आले की खाली एक ओळ हमखास असते : ‘शाहजहानला ताजमहाल सुचला तो इथेच.’ या दाव्याने वास्तूचा मान वाढत नाही, उलट तिचे खरे मोल झाकले जाते, असे माझे मत आहे. कारणे या धाग्यात.

२/ आधी वास्तू. शहराबाहेर, विस्तीर्ण तलावाच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी दुमजली महाल. काळ मुर्तझा निजामशहाचा (१५६५–१५८८). आधीचे बांधकाम सुलतानाला रुचले नाही, म्हणून ते पाडून नवे उभारले गेले. ते १५८३ मध्ये पूर्ण झाले.

३/ मध्यभागी उंच घुमटी दालन आणि भोवती आठ दालने, या आराखड्याला ‘हश्त बिहिश्त’ म्हणजे ‘आठ स्वर्ग’ म्हणतात. तो तैमुरी इराण व मध्य आशियातून हिंदुस्थानात आला. दिल्लीतील हुमायूनचा मकबरा याच परंपरेतला असून तो १५७२ च्या सुमारास पूर्ण झाला.

४/ शाहजहान हा हुमायूनचा पणतू. पणजोबांचा मकबरा दिल्लीत डोळ्यांसमोर असताना त्याला नगरकडून आराखडा उसना घेण्याचे कारण काय? ताज आणि फराहबक्ष यांच्यात साम्य आहे, पण ते चुलत भावंडांचे. एकाने दुसऱ्याला जन्म दिला, असे त्यावरून ठरत नाही.

५/ उसन्या नावाचा हा मोह नगरला नवा नाही. डोंगरावरील ‘चांदबीबी महाल’ वस्तुतः मुर्तझाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. प्रसिद्ध नाव चिकटले आणि खरा धनी विस्मृतीत गेला.

६/ तुलनाच करायची तर समकालीन वास्तूशी करावी. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचा वोलाटन हॉल १५८० ते १५८८ या काळात बांधला गेला. ‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये बॅटमॅनचे घर म्हणून दिसतो, तोच हा वाडा. वास्तुकार रॉबर्ट स्मिथसन, मालक कोळशाच्या खाणींवर धनाढ्य झालेला सर फ्रान्सिस विलोबी.

७/ दोन्हीकडे मध्यभागी उंच दालन, दोन्ही वास्तू लढाईसाठी नव्हे तर ऐश्वर्यासाठी. पण हवामानाने दोघींना वेगळे घडवले. थंड देशातील वोलाटन टेकडीवर उभा राहून मोठमोठ्या काचेच्या खिडक्यांनी ऊन आत घेतो. फराहबक्ष जाड भिंती, खोल कमानी आणि सभोवतालचे पाणी यांच्या साहाय्याने ऊन बाहेर ठेवतो.

८/ आणि हे पाणी आले कुठून? निजामशाहीने डोंगरपायथ्याच्या गावांतून भूमिगत खापरी नळ टाकून शहर आणि बागा यांना पाणी पुरवले. पंप नाही, वीज नाही. सारा भर जमिनीच्या उतारावर. माझ्या लेखी या महालाचे सर्वांत मोठे आश्चर्य घुमट नसून हा उतार आहे.

९/ मी मिरजगावचा. कर्जत तालुका पर्जन्यछायेचा. पाऊस हुकला की टँकरची वाट पाहणे आम्हांला नवे नाही. त्यामुळे या तलावाकडे मी दोन मनांनी पाहतो. कोरड्या मुलखात पाणी आणण्याचे कौशल्य थक्क करते; ते पाणी एका एकांतप्रिय सुलतानाच्या विलासासाठी वळवले गेले, हेही विसरता येत नाही. इतिहासाने दोन्ही सांगितले पाहिजे.

१०/ ‘ताजचे नाव घेतल्याने निदान पर्यटक तरी येतात,’ हा युक्तिवाद ठाऊक आहे. पण ताज शोधत आलेल्याला येथे संगमरवर दिसत नाही. उडालेला गिलावा दिसतो आणि तो हिरमुसून परततो. खापरी नळांची गोष्ट ऐकून आलेला माणूस मात्र तलाव, कमानी आणि जमिनीचा उतार न्याहाळत थांबेल.

११/ वोलाटनमध्ये १९२६ पासून निसर्गेतिहासाचे संग्रहालय आहे. फराहबक्ष संरक्षित स्मारक आहे खरे, पण त्याला बोलके करणारे फलक, नळांचा नकाशा आणि जाणते मार्गदर्शक हवेत. ही मागणी आपण तरुण वाचकांनी करायची आहे. तोवर एवढे करू : पुढच्या छायाचित्राखाली शाहजहानऐवजी १५८३ आणि खापरी नळ लिहू.