औषधचाचणी प्राण्यांविना, पण पेशींचं खाद्य वासराच्या रक्तातून. तांदळात बनणारं मानवी प्रथिन हे बदलू शकेल?

नवं औषध उंदीर-सशांऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर तपासण्यासाठी वाट मोकळी होत आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी कायदा बदलला. भारतानेही मार्च २०२३ मध्ये औषधचाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती केली.

पण एक गोष्ट फारशी चर्चेत येत नाही. या पेशी जगवण्यासाठी जे द्रवरूप खाद्य लागतं, त्यात अनेकदा गाईच्या न जन्मलेल्या वासराच्या रक्तातला अंश असतो.

हे सीरम येतं कुठून?

कत्तलखान्यात गाभण गाय कापली जाते तेव्हा पोटातल्या वासराचं रक्त काढलं जातं. ते गोठल्यावर उरणारा द्रव म्हणजे फीटल बोवाइन सीरम, अर्थात 'एफबीएस'. पेशींना वाढीसाठी लागणारं बरंच काही त्यात आयतं मिळतं.

प्रश्न फक्त क्रूरतेचा नाही. प्रत्येक बॅच थोडी वेगळी असते, त्यामुळे तोच प्रयोग पुन्हा केल्यावर निकाल बदलू शकतो. शिवाय संसर्गाची भीती असते. गाईंमधल्या 'मॅड काऊ' आजाराचा माणसांतल्या जीवघेण्या मेंदूविकाराशी संबंध असावा, असं ब्रिटन सरकारने १९९६ मध्ये मान्य केलं. तेव्हापासून सीरम कोणत्या देशातून आलं, याला फार महत्त्व आलं.

ट्रान्सफेरिनचं काम काय?

सीरममधला एक महत्त्वाचा घटक म्हणजे ट्रान्सफेरिन. हे लोह वाहून नेणारं प्रथिन आपल्याही रक्तात असतं आणि मुख्यतः यकृतात तयार होतं.

पेशींना लोह हवंच, पण मोकळं लोह त्यांना इजा करतं. ट्रान्सफेरिनचा एक रेणू लोहाचे दोन अणू घट्ट धरून ठेवतो आणि पेशीच्या दारापर्यंत नेतो. पेशी त्याला आत घेते. आतल्या आम्लधर्मी कप्प्यात लोह सुटतं आणि रिकामं प्रथिन पुढच्या फेरीसाठी बाहेर पडतं.

गाय नको, तर ते बनवायचं कसं?

मानवी जनुक दुसऱ्या सजीवात घालून. अशा प्रथिनाला 'रिकॉम्बिनंट' म्हणतात. मधुमेहींसाठीचं मानवी इन्सुलिन असंच जिवाणूंकडून बनवून घेतलं जातं. अमेरिकेत त्याला १९८२ मध्ये मंजुरी मिळाली.

ट्रान्सफेरिन मात्र मोठं आणि गुंतागुंतीचं आहे. त्याची घडी नीट बसायला १९ गंधकबंध जुळावे लागतात. साध्या जिवाणूंना ते अवघड जातं. म्हणून यीस्ट, प्राण्यांच्या पेशी आणि चक्क भाताचं पीक वापरलं जातं. अमेरिकेतली व्हेंट्रिया ही कंपनी तांदळाच्या दाण्यात मानवी प्रथिनं तयार करू लागली. तिच्या 'इनव्हिट्रिया' विभागाने असं ट्रान्सफेरिन प्रयोगशाळांसाठी बाजारात आणलं.

वाद काय झाला?

२००५ मध्ये व्हेंट्रियाला मिसुरी राज्यात मानवी जनुकं घातलेला भात लावायचा होता. हा तांदूळ खाण्याच्या तांदळात मिसळला तर काय, अशी भीती शेतकऱ्यांना होती. तिथला तांदूळ घेणार नाही, असा इशारा अॅनहॉयझर-बुश या बिअर कंपनीने दिला. अखेर व्हेंट्रियाने कॅन्सस राज्य गाठलं.

मग सीरम अजून का सुटत नाही?

सीरम म्हणजे एकच प्रथिन नव्हे, शेकडो घटकांचं मिश्रण आहे. तरी पर्याय शक्य आहे. विस्कॉन्सिनमधल्या जेम्स थॉमसन यांच्या गटाने २०११ मध्ये मानवी स्टेम सेलसाठी फक्त आठ घटकांचं खाद्य मांडलं. ट्रान्सफेरिन त्यातला एक घटक आहे.

अडचण अशी की हे खाद्य प्रत्येक पेशीला चालत नाही. यकृताच्या पेशीची गरज वेगळी, त्वचेच्या पेशीची वेगळी. प्रत्येकीसाठी नवी पाककृती शोधावी लागते, आणि शुद्ध रिकॉम्बिनंट प्रथिनं महाग पडतात. जुने निकाल सीरमवर वाढलेल्या पेशींचे असल्याने नव्या निकालांशी तुलनाही कठीण होते.

पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवल्या जातात. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडच्या प्रयोगशाळांचाही आहे.

नियम बदलल्याने पिंजऱ्यातले प्राणी कमी होऊ शकतील. मात्र एखादी चाचणी 'प्राणीमुक्त' असल्याचा दावा झाला, तर पेशींना खायला काय दिलं होतं, हेही विचारायला हवं.